तिरका दात

४ मार्च, मंगळवार

— आणि शेवटी धाकट्याच्या तोंडातून बाईंची वरची कवळी बाहेर काढली. एका हाताने त्याचा जबडा, दुसऱ्या हाताने मेण. सोडण्याआधी त्याने कवळीसकट हसून दाखवलं. तीन वर्षांच्या चेहऱ्यावर सत्तरीचं हसू. मग चावला. कवळीला नाही, मला.

मी करतोय ती कवळी अजून पक्की झालेली नाही. गुलाबी मेणात दात बसवलेत, एवढंच. आता टाळूच्या बाजूला बारीक खड्ड्यांची एक ओळ आहे. ती धाकट्याची.

मागच्याच आठवड्यात एका गृहस्थांची मेणातली कवळी दातांच्या दवाखान्यात गेली ती चावा घेऊनच. मला दिसला नव्हता. डॉक्टरांना दिसला. फोनवर आधी हसले. मग हसायचे थांबले.

"घरात पोरं, तिथेच काम — हे जमायचं नाही हो. ती कवळ्यांच्या कंपनीची माणसं परत येऊन गेली. सगळं काम एकहाती घेतो म्हणतात."

म्हटलं, जमवतो.

"मग बाईंचं करून दाखवा. पुढच्या शुक्रवारी बसवून बघू. त्यांना पटलं तर माझं काम तुमच्याकडेच. नाही पटलं, तर मी तरी किती दिवस थांबू?"

बाई म्हणजे डॉक्टरांच्या शाळेतल्या मुख्याध्यापिका. डॉक्टरांना त्यांनी एकदा वर्गाबाहेर उभं केलं होतं. अजूनही त्या दवाखान्यात आल्या की डॉक्टर उठून उभेच राहतात. आधी दोघांनी केलेल्या कवळ्या त्यांनी परत पाठवल्या. तक्रार एकच — "छान आहेत. पण कुणाचे आहेत हे दात?" यावर काय करायचं ते त्या दोघांनाही कळलं नाही. मलाही कळलेलं नाही.

डॉक्टरांचं काम गेलं तर मला कंपनीत नोकरी धरावी लागेल. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. सकाळी जायचं, दिवेलागणीला यायचं. हिच्या इस्पितळातल्या पाळ्या बदलत्या. मग पोरांपाशी कोण? शेवटी नोकरी हिलाच सोडावी लागणार — आणि आत्ता कुठे तिला वॉर्डची मुख्य केलं आहे.

म्हणजे प्रश्न बाईंच्या तोंडाचा नाही. आमच्या घराचा आहे.

ह्याच घरात, ह्याच पोरांत हे काम पुरं होईल. ठरलं.

५ मार्च

माझं काम बंद गॅलरीत चालतं. तिच्या दाराला बाहेरून कडी बसवून घेतली, माझ्या डोक्याच्या उंचीवर. सुताराने विचारलं, "आत काय आहे एवढं?" म्हटलं, दात. पैसे घेऊन लगेच गेला.

दार बंद झालं. प्लॅस्टरची पिशवी मात्र न्हाणीघरात राहिली. धाकट्याने ती बादलीत ओतली. वर पाणी. वर स्वतःचा उजवा बूट. ढवळलंही असावं, कारण हात कोपरापर्यंत पांढरा होता. मी पोहोचलो तेव्हा घट्ट झालं होतं. प्लॅस्टर कुणासाठी थांबत नाही.

ही कामावरून आली. बादली पालथी केली, बूड ठोकलं. ठोकळा अखंड बाहेर आला, मधे बुटाचं तोंड. तिने तो चारी बाजूंनी नीट पाहिला.

"साचा सुरेख आलाय," म्हणाली. "कडी कसली लावतोस? ह्यालाच हाताखाली घे."

ठोकळा खाली नेऊन टाकायला दोन माणसं हवीत. तूर्त बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्यात.

६ मार्च

धाकटा पाळणाघरात गेला — एका पायात बूट, एका पायात चप्पल. त्याला चालतं. पाळणाघरातल्या ताईंना चालत नाही.

७ मार्च

आज थोरलीला शाळा नव्हती. ती सात वर्षांची आहे आणि तिला कारण लागतं. "आत का नाही यायचं?" "नाजूक काम आहे." "मी नाजूकच आहे." शेवटी अट घालून आत घेतलं — हात मागे बांधून उभं राहायचं.

राहिली. तोंड मात्र बांधलेलं नव्हतं.

"हे दात बाईंनी दिले?"

"नाही. कारखान्यातून येतात. पाकिटात."

"मग बाईंचे कसे?"

"बाईंच्या तोंडात बसले की बाईंचे."

"आणि नाही बसले तर?"

हाच प्रश्न मी रोज स्वतःला विचारतो. तिला म्हटलं, गप्प बस.

तिचे स्वतःचे वरचे दोन पडलेत. समोर खिडकी. गप्प बसली तरी त्या खिडकीतून श्वासाची शिट्टी वाजते. थोडा वेळ ती शिट्टी ऐकली. मग बरं वाटेना. मेणाचा एक तुकडा तिच्या मुठीत दिला. सांगितलं, उबेने मऊ होतं. मऊ असताना दात हलतो, गार झालं की तिथेच राहतो. आमच्या धंद्यातलं अर्धं शहाणपण एवढंच. तिने मांजर केलं. वाईट नव्हतं.

फळीवरची डबी तिने पाहिली. आत हिच्या दाताची टोपी. हिचा वरचा एक दात, मधल्याच्या डावीकडचा, शेजाऱ्याच्या खांद्यावर चढून बसला आहे. शाळेत पोरी तिला तिरपी म्हणायच्या. फोटोत ही कायम ओठ मिटून असते, आमच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा. आता वॉर्डच्या भिंतीवर हिचा मोठा फोटो लागणार. "एकदाच हसायचंय, तर नीट हसते," म्हणाली. पुढच्या शनिवारी डॉक्टर तो दात घासून बारीक करतील आणि वर ही टोपी बसवतील. टोपी मीच केली. सरळ, हिच्या बाकीच्या दातांच्या रंगाची.

थोरलीला हे सगळं सांगितलं. "मग परत तसा नाही होणार?" म्हणाली. म्हटलं, एकदा घासला की घासला. तेवढ्यात बाहेर काहीतरी फुटलं. धाकटा होता. फुटला तो आरसा नव्हता, एवढं समाधान.

८ मार्च

बाईंची मांडणी पुन्हा पहिल्यापासून केली. चावलेलं मेण काढून नवं घातलं. वरचे सगळे दात एका ओळीत, सुतात. चांगलं काम झालं आहे. हे मीच म्हणतो, दुसरं कोण म्हणणार?

१० मार्च, सोमवार

वरचा एक दात तिरका झाला आहे. मधल्याच्या डावीकडचा. शनिवारी सरळ होता.

ऊन असणार. गॅलरीत दुपारी ऊन येतं, मेण ढिलं पडतं. सरळ केला. कवळी सावलीतल्या फळीवर ठेवली.

११ मार्च

पुन्हा तोच दात. सावलीत.

काल सरळ करताना मी तो असाच बसवला असेन का? नजर चुकली असेल का? की हात?

वडील घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांचा हात थरथरायला लागला तेव्हा पहिल्यांदा कळलं ते घरच्या कुणाला नाही. एका स्क्रूला कळलं. तो आपल्या भोकात जाईना. पुढे चहा बशीत सांडायला लागला तेव्हा आम्हाला कळलं. तोवर त्यांनी दुकान बंद करायचं ठरवूनही टाकलं होतं. तेव्हा ते आत्ताच्या माझ्याहून फार मोठे नव्हते.

कप काठोकाठ भरून हात लांब धरून उभा राहिलो. थेंब हलला नाही. मनात म्हटलं, बघ. तेवढ्यात धाकट्याने मागून गुडघ्याला मिठी मारली. सगळा चहा माझ्या पायावर.

ह्या घरात एखादी गोष्ट नीट तपासूनही बघता येत नाही.

दात सरळ केला. कडी आणखी वर सरकवली. आता मलाच हात ताणावा लागतो.

१२ मार्च

दुपारचा माझा कार्यक्रम असा — थोरलीला शाळेतून, धाकट्याला पाळणाघरातून आणायचं, दोघांना जेवू घालायचं, धाकट्याला झोपवायचं. तो झोपावा म्हणून मी शेजारी डोळे मिटून पडतो. मग मी झोपतो. तो कधी झोपतो, झोपतो की नाही, मला माहीत नाही. उठल्यावर तो डोळे मिटून असतो, इतकंच सांगता येईल.

आज उठलो तर पायात मोजे नव्हते. झोपताना होते.

दात पाहिला. तिरका.

१३ मार्च, गुरुवार

हिला सांगितलं. दाताचं नाही, हाताचं. सांगायचं नव्हतं. अंगठा आणि बोटं चाचपत बसलो होतो, ते तिने पाहिलं.

तिने माझा हात हातात घेतला. उलटा केला, सरळ केला. "डोळे मीट. नाकाला बोट लाव." लावलं. "दुसऱ्या हाताने." लावलं. "आता माझ्या नाकाला." लावलं, डोळे मिटूनच.

"तुला काही झालेलं नाही. झोप कमी आहे."

"दात मग आपोआप हलतो का?"

"ते मला काय विचारतोस? माझा दात तर जन्मापासून हललेला आहे."

हसलो. पण उद्या बाई आहेत.

आता पुन्हा सरळ केला, बाजूने मेण दुप्पट भरलं, गार पाण्यात धरला. उद्या दुपारी निघेपर्यंत कवळीला कुणी शिवणार नाही. मीसुद्धा. डबीत घालून डबी फळीवर, फळी गॅलरीत, गॅलरीला कडी. काही झालं तरी उद्या ती दवाखान्यात पोहोचेल आणि चावा न घेता पोहोचेल.

१४ मार्च, शुक्रवार

नीट, क्रमाने लिहून ठेवतो.

दुपारी पोरं जेवली. धाकट्याला झोपवताना मी पुन्हा झोपलो. आज झोपायचं नाही असं ठरवून झोपलो. जाग आली ती ही सकाळपाळी करून आली त्या आवाजाने. उशीर झालेला. थोरली पाटीवर काहीतरी काढत बसली होती, फारच शहाण्यासारखी. शर्ट चढवला, कडी काढली, डबी उचलली, धावलो. न उघडता. स्वतःला दिलेला शब्द पाळला.

दवाखान्यात बाई आधीच बसल्या होत्या आणि डॉक्टर उभे होते.

डबी उघडली. दात तिरका.

कालच्यापेक्षा जास्त तिरका. शेजाऱ्याच्या खांद्यावर सरळ चढलेला. त्याच्या बाजूचं मेण कुणी दाबून, गुळगुळीत करून बसवल्यासारखं. मनात म्हटलं, हा माझा हात नाही. आणि लगेच म्हटलं, मग कुणाचा?

डॉक्टरांनीही पाहिलं. हळूच म्हणाले, "हे काय आणलंत?"

"एक दात राहिलाय. दिवा द्या, आत्ता सरळ करतो."

"काय राहिलंय?" बाई. कान पक्के आहेत. "आणा इकडे. अपुरं काम मला बघता येतं. जन्मभर तेच बघितलंय."

डॉक्टरांनी कवळी त्यांच्या तोंडात बसवली. त्यांनी ओठ मिटले. जीभ आतून फिरवली. आरसा मागितला. बराच वेळ पाहिलं. मग ओठ उघडले. मग हसून पाहिलं — थोडं, नंतर पुरतं. मी जमिनीकडे बघत होतो. मनात कंपनीतल्या नोकरीसाठी काय बोलायचं त्याची जुळवाजुळव चालली होती.

"बाई, तो दात..." डॉक्टर म्हणाले.

"तू थांब जरा."

डॉक्टर थांबले.

"हा असा मुद्दाम केलात?" हे मला.

खोटं बोलणार होतो. जमलं नाही. म्हटलं, "नाही. मी सरळच केला होता."

"मग आता हात लावू नका त्याला." आरशातून नजर काढली नाही. "माझा असा नव्हता. माझे दात खरं तर सरळ होते. पण हे कुणाचे तरी वाटतात. आत कुणी राहतं असं वाटतं. आधीचे दोन्ही म्हणजे भाड्याची खोली होती, वर नुसता चुना मारलेली."

मग डॉक्टरांना म्हणाल्या, "ह्यांचंच काम घेत जा. आणि उभा काय राहिलास? बस."

डॉक्टर बसले. दाराशी मला म्हणाले, सोमवारी पुढचे साचे पाठवतो. कंपनीचं नाव काढलं नाही. मीही नाही काढलं.

घरी आलो. हिला सांगावं म्हणून स्वयंपाकघरात निघालो होतो. बाहेरच्या खोलीत थांबलो. प्लॅस्टरचा ठोकळा त्याच्या कोपऱ्यात नव्हता. गॅलरीच्या दाराशी होता, बरोबर कडीखाली. फरशीवर कोपऱ्यापासून दारापर्यंत पांढरी रेघ. एक नाही, एकावर एक पुष्कळ. कडीच्या टोकाला माझा मोजा अडकलेला. खालून झटकून ती काढायची सोय.

निघताना मी हे सगळं ओलांडून धावलो होतो.

थोरलीला हाक मारली. दोघं आली. धाकट्याने लगेच सांगून टाकलं, "मी ढकलतो. ताई चढते." गड्याला अभिमान आहे.

"दात तू हलवलास?"

"तूच सांगितलंस, मुठीत धरलं की मऊ होतं."

"मी सरळ केलेला तू रोज तिरका केलास?"

"तू रोज सरळ करत होतास ना."

"का पण? कशासाठी?"

पायाच्या अंगठ्याने ती फरशीवरची रेघ पुसत होती. "आईचा उद्या जाणार. परत नाही होणार म्हणालास. म्हणून बाईंना दिला. त्यांच्या तोंडात तो कुणी घासणार नाही." मग घाईने, "बाई लांब राहतात का? बघायला जाता येईल ना आपल्याला?"

रागवायचं होतं. आठवडाभराचा राग साठवून ठेवला होता, फक्त कुणावर काढायचा ते ठरत नव्हतं. आता माणूस समोर होतं आणि राग सापडेना. एवढंच म्हटलं, पुन्हा ठोकळ्यावर चढायचं नाही, पडशील. धाकटा म्हणाला, "मी धरतो तिला."

कवळीकडे आठवडाभर पाहत होतो. दाताचा तिरकेपणा मापून ठेवला होता. तो कुठे पाहिला आहे हे मात्र एकदाही डोक्यात आलं नाही. तोच दात, तीच बाजू, तसाच चढलेला. रोज जेवताना समोर असतो.

ही भांडी पुसत होती. तिला सगळं सांगितलं — बाईंचं, डॉक्टरांचं, ठोकळ्याचं. शेवटी थोरली काय म्हणाली तेही. ती एकच ताटली पुसत राहिली.

"बाईंना शोभतो?"

"शोभतो."

"आणि मला?"

उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात धाकटा दुधाचा पेला घेऊन आडवा झाला. दूध, काच, रडणं, फडकं. सगळं आवरेपर्यंत तो प्रश्न निघून गेला होता. पोरं झाल्यापासून आमची अर्धी बोलणी अशीच फडक्याने पुसली गेली आहेत.

नंतर एवढंच म्हटलं, "उद्या सकाळची वेळ आहे डॉक्टरांची."

"माहीत आहे," म्हणाली.

इथे लिहून ठेवतो. शोभतो.

१५ मार्च, शनिवार

सकाळी टोपीची डबी उघडी. आत काही नाही. गॅलरीची कडी काल लावायचीच राहिली होती. धाकट्याला विचारलं तर त्याने सदरा वर करून पोट दाखवलं. हिने त्याला ओट्यावर बसवलं, पोट दाबून पाहिलं, खोकायला लावलं. "येईल उद्या-परवा बाहेर." म्हटलं, साचा आहे, दुसरी करतो, वेळ पुढे ढकलू. "नको." धुऊन तीच बसवू? "नको म्हटलं ना," आणि हसली, ओठ न मिटता. मग फोटोला गेली. मी डॉक्टरांना फोन करून आजची वेळ रद्द केली. थोरली शेजारी उभी राहून ऐकत होती. तिने विचारलं, "मग आता बाईंचा परत आणायचा?" म्हटलं, राहू दे. दोघींकडे असू दे.